इथला अनुभव

नर्सिंगच्या लायसनच्या परीक्षेचा निकाल आला तेव्हा मी आजींना कुशीवर वळवून त्यांची पाठ पुसत होते. खिशात फोन थरथरला. हात ओले होते, म्हणून आधी पाठ कोरडी केली, चादरीच्या सुरकुत्या काढल्या आणि मग बघितलं. पास! पहिल्या फटक्यात पास. मी आजींच्या कानाशी ओरडले, "आजी, मी नर्स झाले हो!"

आता खरं सांगायचं तर नर्स मी होतेच. आमच्याकडच्या मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या काढून काढून माझे केस पिकलेत. पण इथे विमानातून उतरलं की माणूस आधी शून्य होतो, आणि मग पुस्तकं घोकून, फिया भरून पुन्हा जो होता तोच होतो. मधल्या काळात पोट भरायला मी आजींना सांभाळत होते. भरवा, पुसा, वळवा, बदला.

आजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धांगवायूने उजवी बाजू नेली आणि वाचाही नेली. उरलं ते एक "हं." त्या एका "हं"मध्ये त्या रागवायच्या, हसायच्या, 'पुढे वाच' म्हणायच्या. कारण माझा अभ्यास त्यांनीच घेतला. मी पलंगाशी बसून प्रश्न मोठ्याने वाचायचे, उत्तर द्यायचे, आणि चुकलं की डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर टिचकी. नर्सिंगचं त्यांना काय कळत होतं, देव जाणे, पण मी चाचरले की त्यांना बरोबर समजायचं. जन्म गेला होता बाईंचा चाचरणारी पोरं पकडण्यात.

निकाल कळल्यावर नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मग आता ठमीला कधी नेतेस?" ठमी म्हणजे आमची लेक. मी आले तेव्हा ती बोबडं बोलत होती, आता शाळेत जाते. घरी माणूस सांभाळणारीला इथे मूल आणायची परवानगी नाही, दवाखान्यातल्या नर्सला आहे. इतकं साधं गणित. आणि घाई का, तर शाळेत बाईंनी आईचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा पोरीने काकूचं काढलं. माझ्या जावेचं! जाऊ बिचारी चांगली आहे, तिनेच रडत रडत मला सांगितलं. मी हसून म्हटलं, अगं, काढू दे की. फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

तर, नोकरी. जिथे जाईन तिथे एकच प्रश्न, "इथला अनुभव?" अहो, नोकरी दिलीत तर येईल ना अनुभव! पण नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. एकाने तर हसून विचारलं, "तुमच्याकडे व्हेंटिलेटर असतात का?" मी म्हटलं, "नाही हो, आम्ही फुंकर मारतो." ती नोकरी काही मिळाली नाही.

शेवटी बस डेपोमागच्या एका लहान दवाखान्यातली मेट्रन भेटली. जाड भिंगांचा चष्मा, कमी बोलणं. तिने मला सरळ वॉर्डात नेलं, दोन पेशंट दाखवले, काय काय दिसतंय ते विचारलं, आणि परत येताना म्हणाली, "मला तू चालशील. पहिल्या तारखेला नवीन नर्सांची तुकडी सुरू होते. त्याआधी तुझ्या आत्ताच्या मालकांशी मी फोनवर बोलेन. बाई चांगली आहे आणि आम्ही तिला सोडतो, एवढं त्यांनी म्हटलं की झालं. नाही म्हटलं तर माझे हात बांधलेले. नियम आहे."

मी घरी अक्षरशः उड्या मारत आले. हातातोंडाशी घास आला होता.

मालक म्हणजे आजींची लेक, मॅडम. मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. दिवसभर बँकेत, संध्याकाळी आईपाशी. मला जुने स्वेटर द्यायच्या, ताप आला तर गोळी द्यायच्या. मी सगळं सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले.

"तू गेलीस तर आई आठवडासुद्धा काढणार नाही, तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "याआधी तीन बायका आल्या, तिघींच्या हाताखाली तिच्या पाठीला जखमा झाल्या. तू आल्यापासून एक चट्टा नाही. आई आहे तोवर थांब गं. नंतर मेट्रनला असा शब्द देईन की ती तुला न्यायला गाडी पाठवेल."

हे सगळं आजींच्या पलंगाशी उभं राहून, त्यांचं पांघरूण सारखं करत. मी म्हटलं, "मॅडम, बाहेर बोलू या."

"अगं, तिला काय कळतंय!"

मी आजींकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिक्सरमधून काढलेलं सूप घेऊन आले. आजींनी तोंड उघडलं नाही. दुपारी नाही. संध्याकाळी नाही. मी तोंडात बॅटरी मारून बघितली, फोड नाही, दात ठीक. ताप नाही, छाती साफ, पोट मऊ. गोळ्या तेवढ्या घेतल्या म्हणून मला हायसं वाटलं, आणि रात्री उशीखाली ओल्या गोळ्यांचा लगदा सापडला. गालात धरून ठेवायच्या आणि मी वळले की थुंकून उशीखाली सारायच्या. त्या वयात, एका हाताने!

"काय चाललंय आजी?" मी विचारलं.

त्यांनी डावा हात उचलला. माझ्याकडे बोट केलं. मग दाराकडे. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि बोट वर, छताकडे. आणि एवढं करून "हं," म्हणजे कळलं का गं, मठ्ठ.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हा शहाणपणा करायला? मी मागितला होता का तुमचा जीव? उद्या माझ्या पोरीला काय सांगू? तुझी आई एका म्हातारीला उपाशी मारून नोकरीला लागली?" मी काय काय बोलले. आजी ऐकत राहिल्या. वर्गातलं पोर थयथयाट करून दमेपर्यंत वाट बघतात तशा. मी दमले तेव्हा त्यांनी माझ्या गालावर हात फिरवला आणि तोंड गच्च मिटलं.

आता माझी पंचाईत बघा. धड शुद्धीत असलेल्या माणसाने नको म्हटलं तर नर्सने हात मागे घ्यायचा असतो. त्याच पुस्तकात होतं ते, आजींसमोरच वाचलेलं. दुसरी कुणी म्हातारी असती तर मी मॅडमशी भांडले असते, की बाई, त्यांना नको आहे, राहू दे. पण इथे हात मागे घेतला की फायदा कुणाचा? माझा! त्या गेल्या की मी सुटले, मेट्रन मिळाली, ठमी मिळाली. मग मी त्यांच्या बाजूने बोलतेय की माझ्या, हे मला तरी कसं कळणार? रात्रभर कूस बदलत राहिले. एकदा मनात आलंच, की झोपून राहावं, सकाळी उशिरा उठावं. लगेच उठून पाणी घेऊन गेले. ओठ भिजवू दिले त्यांनी, तेवढंच.

सकाळी मॅडमना खरं ते सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. मी म्हटलं, "तुम्ही त्यांच्यासमोर म्हणा, की हिला सोडते. आणि खरंच सोडा. त्या जेवतील."

मॅडम आत गेल्या, आईचा हात हातात घेतला. "आई, तिला सोडतेय मी. पहिल्या तारखेला जाईल ती. आता दोन घास खा."

आजींनी लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि कठड्यावर टिचकी मारली.

मॅडम रडत बाहेर आल्या आणि त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले नाकातून पोटात नळी घालावी लागेल, दवाखान्यात आणा. मॅडमच्या तोंडून 'घरी नर्स आहे' असं निघालं मात्र, डॉक्टर म्हणाले, "लायसन आहे? मग आजारी बाईंना कशाला हलवता? सिस्टरना फोन द्या." इथे आल्यापासून मला पहिल्यांदा कुणी सिस्टर म्हटलं. कधीची वाट बघत होते मी त्या एका हाकेची, आणि आली ती अशी.

"पेशंट नको म्हणतायत, डॉक्टर," मी म्हटलं.

"अशा आजारात असं होतं. मनावर परिणाम असतो. लेक सही करते आहे ना? डाव्या हाताला मोजा घालून बांधा, नाहीतर उपसून काढतील."

औषधाच्या दुकानातून नळी आली. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "बघ, मिळाली की नाही तुला नर्सची नोकरी? पगारही वाढवते मी. तू इथेच नर्स." घरातल्या नर्सला मूल आणता येत नाही, हे मी त्यांना आधी सांगितलं होतं. त्या विसरल्या असतील.

"मी नाही घालणार," मी म्हटलं.

"मग मरू दे म्हणतेस?" मॅडमनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या, माझ्याकडे तोंड करून, लहान मुलीसारख्या. आणि हो म्हणायला सगळ्या जगात मीच एक नालायक होते, कारण फायदा माझाच होता. मी हात धुवायला गेले.

आजींना उशांना टेकवून बसवलं. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाखाली, नळी मापून खूण केली. टोकाला जेली लावली. सगळं सांगत सांगत केलं, कारण सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही ही माझी सवय. आजी माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही, नापास पोराकडे बघावं तसं. हात मी बांधला नव्हता. मोजा घेऊन मॅडम दारात उभ्या होत्या.

नळी नाकातून आत गेली, घशापाशी आली आणि अडली. इथे पेशंटने गिळावं लागतं. गिळलं की ती अन्ननळीत सरकते. नाही गिळलं आणि आपण रेटलं, तर श्वासनळीत जाते.

"गिळा आजी."

आजी गिळेनात. डोळ्यांतून पाणी, खोकला, चेहरा लाल. मी नळी थोडी मागे घेतली. पुन्हा. "गिळा." पुन्हा अडली. इतक्या वर्षांत किती नळ्या घातल्या असतील, एकही अशी अडली नव्हती. आणि मी चिडले. त्यांच्यावर, मॅडमवर, त्या मेट्रनवर, माझ्या पोरीच्या चित्रावर.

"अहो गिळा ना!" मी ओरडले. "फुप्फुसात गेली तर मराल तुम्ही, आणि लायसन माझं जाईल! पहिल्याच कामात जाईल! मग कुठलं हॉस्पिटल मला दारात उभं करणार आहे? माझी पोर कायमची तिकडे राहील, चालेल तुम्हाला?"

आजी खोकायच्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. हनुवटी खाली घेतली, अगदी मी सांगितलं होतं तशी. आणि गिळलं. एकदा, दोनदा, तीनदा. नळी खुणेपर्यंत सुरळीत आत गेली.

मी सिरिंजने ओढून बघितलं. पोटातलंच पाणी होतं, आम्ल तपासायच्या पट्टीचा रंगही बरोबर आला. नाकाला आणि गालाला चिकटपट्टी लावली. कोमट दूध सोडायला घेतलं तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला.

"हो, मीच बोलतेय," मॅडम दारातूनच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या, रडून सुजलेल्या डोळ्यांनी. "बाई कशी आहे म्हणून काय विचारता, मेट्रन! आत्ताच आईला नळी घातली तिने, माझ्या डोळ्यांसमोर. काय हात आहे तिचा! सोनं आहे सोनं. म्हणूनच तर हो, नाही सोडता येत. आई आहे तोवर तर नाहीच." थोडं ऐकून म्हणाल्या, "हो, हो, पुढच्या वेळी नक्की," आणि फोन ठेवला.

मी दूध सोडत राहिले. भराभर सोडलं तर पोट फुगतं, सावकाश सोडावं लागतं.

मॅडम मोजा घेऊन जवळ आल्या. "हात बांधायचा ना? डॉक्टर म्हणाले, उपसून काढेल."

आजींचा डावा हात पांघरुणावर मोकळा पडला होता. नळीपासून वीतभर लांब. त्या छताकडे बघत होत्या.

"नको," मी म्हटलं. "नाही काढणार त्या."

काढली तर ठपका माझ्यावर येईल, हे आता त्यांना माहीत होतं.