मॅडमची चाल

खेळाडूंचे गुडघे-घोटे सावरण्यात माझी हयात गेली. शिकवतानाही माझा पहिला नियम एकच: पेशंटला हात लावायच्या आधी त्याची चाल बघा. म्हणून दर सोमवारी मी खोटं खोटं लंगडत वर्गात शिरते आणि विद्यार्थी दुखापत ओळखतात.

या सोमवारी जिन्यात माझा पाय खरोखरच मुरगळला. भिंतीला धरून, कण्हत कशीबशी वर्गात पोचले. कोणी जागचं हललं नाही. सगळे टक लावून माझी चाल बघत बसले.

"अरे, खरंच लागलंय मला!"

पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, खरंच लागलेला माणूस असा चालत नाही. मागच्या सोमवारचं जास्त पटलं होतं."

मी टम्म सुजलेला घोटा टेबलावर ठेवला.

"गाढवांनो, आता तरी हात लावा!"