दोन फोटोंच्या मागची भिंत

मित्रांनो, नाशिकच्या सातपूरमधला मी एक जुना फ्लॅट. एक हॉल, एक बेडरूम, एक स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी, एवढाच माझा पसारा. सध्या मला विकायला काढलं आहे. खाली गेटवर तशी पाटी लटकते आणि तिच्यावर माझ्या वर्णनापेक्षा एजंटचा फोन नंबर मोठा आहे. माणसं येतात, नळ सोडून बघतात, भिंतीवर टकटक करतात आणि जिना उतरून जातात. त्याचा मला राग येत नाही.

जिथे मी उभा आहे तिथे पूर्वी एक कारखाना होता. त्याचा भोंगा वाजला की आजूबाजूच्या घरांतली घड्याळं लावली जायची. कारखाना बंद पडला, शेड पाडल्या आणि तिथे आमची इमारत उभी राहिली. पाया खणताना मातीला ऑईलचा वास येत होता, तरी बिल्डरने नाव ठेवलं ‘सुगंध पार्क’. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! रिक्षावाले मात्र आजही आम्हाला ‘कंपनी गेट’ म्हणूनच ओळखतात.

त्या कारखान्यात भिकन नावाचे एक फिटर होते. कंपनी बंद झाल्यावर त्यांना सिन्नरला नोकरी मिळाली, पण घर घ्यायची वेळ आली तेव्हा ते फिरून इथेच आले.

“अहो, सिन्नरला स्वस्त मिळेल,” लताबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या होत्या.

“मिळेल गं. पण इथल्या रस्त्याला माझे पाय सवयीचे झालेत.”

घरात पाऊल टाकल्यावर भिकन यांनी पहिलं काम केलं ते हॉलच्या भिंतीत दोन खिळे ठोकण्याचं. एकावर भगवान बुद्धांचा फोटो लागला, दुसऱ्यावर बाबासाहेबांचा. मग गॅस आला, पलंग आला, लहानगा संतोष भिंतीवर पेन्सिलने रेघोट्या ओढू लागला. लोक म्हणतात तसे मला खरोखरच कान आहेत. त्या दिवसांत ते भरून जात असत.

दरवर्षी एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी भिकन मला रंग द्यायचे. रंगारी बोलवायचे नाहीत, स्वतः डोक्याला फडकं बांधून रोलर फिरवायचे. एक वर्ष पिस्ता, एक वर्ष पीच, पुढे आकाशी. माझ्यासारखा नटवा फ्लॅट साऱ्या इमारतीत नव्हता. मात्र फोटोंपाशी आले की रोलर ठेवून ते बारीक ब्रश घ्यायचे, चौकटीच्या कडेला जुना पेपर खोचायचे आणि भोवतीनेच रंग द्यायचे.

“अहो, फोटो काढून खाली ठेवा की,” लताबाई म्हणायच्या.

“बाबासाहेबांना जमिनीवर टेकवायचं नाही.”

“मग पलंगावर ठेवा.”

“पलंगावर आपण लोळतो. तिथे कसं ठेवायचं?”

“मग मी हातात धरून उभी राहते!”

“दिवसभर?” भिकन हसायचे आणि पुन्हा ब्रश चालवायचे. फोटो रोज पुसले जायचे, ताजे हार चढायचे, पण ते खिळ्यावरून कधी उतरले नाहीत. त्यामुळे त्यांच्या मागची भिंत बिल्डरच्या पांढऱ्या चुन्याचीच राहिली. भोवतीचे रंग मात्र थरावर थर चढत गेले.

गेल्या वर्षी भिकन वारले. सकाळी सिन्नरच्या कंपनीच्या बसची वाट पाहत थांब्यावर उभे होते, तिथेच कोसळले. घरात माणसं जमली, वंदना झाली, रडारड झाली. फक्त लताबाई रडल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात पहाटे उठून त्यांनी पोळ्या लाटल्या, भाजी केली, डबा भरला आणि दाराशी चपलांच्या स्टँडवर ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं, डबा न्यायला भिकन नाहीत. त्यांनी डबा उचलला नाही. दुपारी तिथेच बसून स्वतः जेवल्या. त्यानंतर रोज तसंच चाललं. डबा भरायचा, दाराशी ठेवायचा, दुपारी उघडायचा. शेजारणीने विचारलं तर म्हणायच्या, “काही वाटत नाही गं. दुःखसुद्धा वाटत नाही.”

ते मला पटायचं. माझंही तसंच झालं होतं. त्या एप्रिलमध्ये मला रंग लागला नाही आणि मी त्याची वाटही पाहिली नाही.

संतोष आता चाकणला नोकरी करतो. त्याने फोनवर सांगितलं, “आई, एकटी नको राहूस. घर विकू, तू इकडे ये.” लताबाई म्हणाल्या, “बरं.” एवढ्या एका शब्दात माझं भवितव्य ठरलं.

मग योगेश आला. हा एजंट. कोपरात हेल्मेट अडकवून तो घरभर फिरला, मोबाईलवर माझे फोटो काढले आणि हॉलमधल्या त्या दोन फोटोंपुढे येऊन घुटमळला.

“मावशी, एक सांगू का? राग नका मानू. हे फोटो जरा काढून ठेवू आपण. माझं काही नाही हो, पण गिऱ्हाईक कसं असतं तुम्हाला माहितीये. घर बघायच्या आधी भिंत बघतात.”

लताबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, “काढ.”

योगेशने स्टुलावर चढून फोटो उतरवले. लताबाईंनी ते जमिनीला लागू दिले नाहीत. नव्या साडीत गुंडाळून कपाटात सर्वांत वरच्या फळीवर ठेवले.

“अरे बापरे, हे काय!” योगेश म्हणाला. आकाशी भिंतीवर दोन पांढरे चौकोन उघडे पडले होते. कडेवरून बोट फिरवलं तर रंगांचे थर हाताला लागत होते. त्याने एकावर कॅलेंडर टांगलं, दुसऱ्यावर घड्याळ. दोन्ही तोकडी पडली, पांढरं चारी बाजूंनी डोकावत राहिलं.

रविवारी दुपारी एक जोडपं आलं. बाईंचं नाव उज्वला. दोघांना मी आवडलो, हे मला त्यांच्या चालण्यावरून कळलं. उज्वलाताईंनी ओट्यावरून हात फिरवला, बाल्कनीत उभं राहून उन्हाचा अंदाज घेतला, पलंग कुठे लावायचा तेही ठरवलं. लताबाईंनी ट्रेमध्ये पाण्याचे तीन ग्लास आणून ठेवले आणि चहा टाकायला आत गेल्या.

“अय्या, इथे काय होतं हो?” उज्वलाताईंनी कॅलेंडर उचलून पाहिलं.

“काही नाही मॅडम,” योगेश घाईघाईने म्हणाला, “सिनरी होती. जुनी सिनरी.”

स्वयंपाकघरात गॅस बंद झाल्याचा आवाज आला. लताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“सिनरी नव्हती,” त्या म्हणाल्या. “बाबासाहेब होते. आणि भगवान बुद्ध. फोटो खाली ठेवायला नको म्हणून आमचे हे भोवतीनं रंग द्यायचे. दरवर्षी.”

उज्वलाताईंच्या हातात पाण्याचा ग्लास होता, ओठांपर्यंत आलेला. त्यांनी तो हळूच ट्रेमध्ये परत ठेवला. नवऱ्याने तर उचललाच नव्हता.

“चहा नको, उशीर होतोय,” तो म्हणाला. “आम्ही योगेशला कळवतो.”

ते गेले. ट्रेमध्ये दोन भरलेले ग्लास राहिले. लताबाईंनी त्यातला एक कुंडीतल्या मोगऱ्याला घातला. दुसरा, उज्वलाताईंनी खाली ठेवलेला, स्वतः पिऊन टाकला. मग माझ्या भिंतीला, त्या पांढऱ्या चौकोनाला, तळहात टेकवून त्या रडल्या. भिकन गेल्यानंतर पहिल्यांदाच रडल्या. मित्रांनो, सिमेंटला भावना नसतात म्हणे. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि इतक्या दिवसांनी काहीतरी वाटलं याचं बरंही वाटलं.

योगेश दाराशी मान खाली घालून उभा होता. “मावशी, मी तुमच्या भल्यासाठीच...”

“तू पाणी प्यायलास ना?”

“हो.”

“मग चढ स्टुलावर. फोटो लाव.”

त्याने निमूटपणे लावले. दोन्ही चौकटी आपापल्या पांढऱ्या जागेत अचूक बसल्या.

“आता गिऱ्हाईक मिळायला वेळ लागेल, मावशी.”

“लागू दे. घर विकायला काढलंय रे, ह्यांना नाही.”

तेव्हापासून मी तसाच विकाऊ आहे. डबा अजून दाराशी असतो. रविवारी कोणी येणार असलं की लताबाई आधी फोटो पुसतात आणि मग ट्रे भरतात.

मित्रांनो, तुम्हीही कधी आईबाबांबरोबर घर बघायला जाल. तेव्हा जरूर नळ सोडून बघा, ओल आली आहे का ते तपासा, खिडक्या उघडून बघा. आम्ही घरं त्याचा राग धरत नाही. जमलं तर वर्षाला एकदा रंगाचा हात द्या. पण त्याआधी, समोर कोणी ग्लास ठेवला असेल, तर ते पाणी तेवढं प्या.