ज्याच्याकडे टोकन, ती गाडी

लग्नाची गाडी दहा वाजून दहा मिनिटांनी सुटेल असं पत्रिकेत छापलं होतं. पत्रिका मिळालेल्या साठ माणसांपैकी ही गोष्ट खरी मानणारा माणूस एकच होता, आणि हिरवी झेंडी नेमकी त्याच्याच हातात होती.

हा माणूस म्हणजे नवरीचे वडील. एकतीस वर्षं रेल्वेत गार्ड. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी घरात दूध उतू गेलं की किती मिनिटं आधी गॅस बंद करायला हवा होता ते सांगायचे. लेकीनं लग्नासाठी वाफेची जुनी गाडी भाड्यानं घ्यायचं ठरवलं. इंजिन, चार लाकडी डबे आणि शेपटाला गार्डाचा डबा. गाडीवाले म्हणाले, ड्रायव्हर आहे, पण हे जुने ब्रेक सांभाळणारा गार्ड आता मिळत नाही.

"मिळतो," असं म्हणून गार्डसाहेबांनी कोट चढवला. कोट दारामागच्या खिळ्यालाच होता, तीन वर्षं रोज झटकून ठेवलेला.

"बाबा, एकच अट," लेक म्हणाली. "सही करताना तुम्ही माझ्या शेजारी पाहिजे. साक्षीदार क्रमांक एक."

अट अवघड नव्हती, पण इतिहास वाईट होता. लेक जन्मली तेव्हा गार्डसाहेब एका मालगाडीवर होते. ती पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा दुसरीवर. शाळेत तिला बक्षीस मिळालं तेव्हा सिग्नलची वाट बघत सहा तास कुठल्याशा शेताच्या कडेला उभे होते, आणि बरोबर पाच वाजता तिथूनच टाळ्या वाजवल्या होत्या, असं ते स्वतः सांगत. वर "ऐकू आल्या का गं?" असंही विचारत.

"या वेळी गाडीच तुझी आहे," ते म्हणाले. "मी जाणार कुठं?"

जावई दातांचा डॉक्टर. मुलगा गुणी, पण 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडात कधी उगवलाच नव्हता. गार्डसाहेब त्याला पाठीमागं 'होयबा' म्हणत. एकदा चुकून तोंडावर म्हणाले, तर त्यानं ओ दिली.

आता टोकनाचं सांगायला हवं. ही लाइन एकेरी. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना रूळ एकच. समोरासमोर भेट होऊ नये म्हणून स्टेशनमास्तर यंत्रातून एक पितळी गोळा काढतो, चामडी पिशवीत घालतो, आणि ती पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हातात देतो. हे टोकन. एक बाहेर आहे तोवर यंत्र दुसरं देत नाही. टोकन नसेल तर ड्रायव्हरनं गाडी इंचभरही हलवायची नाही, मग मागं आग लागलेली असो की पुढं जेवण वाढलेलं असो.

लेकीला ही गोष्ट लहानपणापासून इतकी आवडायची की तिनं हुबेहूब तसंच कडं आणि पिशवी करून घेतली आणि लग्नाच्या अंगठ्या त्यात ठेवल्या. सकाळी दोन्ही कडी स्टेशनमास्तरांच्या टेबलावर शेजारी शेजारी पडली होती. पुढं काय झालं ते शहाण्याला सांगायला नको, पण लग्नघरात शहाणं कोणी नसतं म्हणून सांगतो. फोटोग्राफर आला, त्यातलं जास्त जुनाट दिसणारं कडं त्यानं उचललं, नवऱ्यामुलाच्या गळ्यात घातलं आणि म्हणाला, "फलाटाच्या त्या टोकाला, पाण्याच्या टाकीखाली, एकच फोटो!" नवरामुलगा काय म्हणाला असेल ते ओळखा. टेबलावर उरलेलं कडं ड्रायव्हरच्या हातात गेलं.

दहा वाजून नऊ मिनिटं आणि चाळीस सेकंदांनी गार्डसाहेबांची नजर घड्याळावर होती. फक्त घड्याळावर. दहा दहाला झेंडी हलली, शिटी झाली, आणि एकतीस वर्षांचा लौकिक कायम ठेवून गाडी वेळेवर सुटली.

दहा पन्नासला ती दोन स्टेशनांच्या मधोमध, उजाड माळावर थांबली. इंजिनाकडून ड्रायव्हर चालत आला. गार्डसाहेबांचा जुना सोबती. त्याच्या हातात कडं होतं आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"पिशवी हलकी लागली म्हणून उघडली. आत बघ," तो म्हणाला.

गार्डसाहेबांनी पिशवीत बोटं घातली. दोन अंगठ्या निघाल्या.

"हे टोकन नाही," गार्डसाहेब म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं."

"सुटताना बघितलं नाहीस?"

"तू झेंडी दाखवलीस. म्हटलं, तू बघितलं असशील."

"तू शिटी दिलीस. म्हटलं, तू बघितलं असशील."

दोघंही थोडा वेळ माळाकडं बघत राहिले. माळानंही काही बघितलं नव्हतं.

तेवढ्यात नवरीची आई डब्यातून डोकावली. "अहो, जावई तुमच्याकडं आहेत का? चारही डबे पालथे घातले. हरवायला ही गाडी आहे की जंगल?"

गार्डसाहेबांनी स्टेशनमास्तरांना फोन लावला. "तुमचा जावई आणि आमचं टोकन दोन्ही इकडंच आहेत," मास्तर म्हणाले. "हे आत्ताच येऊन मला विचारतायत, गाडी कुठं गेली! ढकलट्रॉलीवर बसवून पाठवतो. सोबत त्यांची आत्याही आहे. आहेर चढवायला हमाल शोधत राहिली."

इथपर्यंत निभावलं असतं. पण एक नियम होता. गाडी अशी मधेच अडली तर गार्डानं लाल झेंडी घेऊन मागं बाराशे मीटर चालत जायचं, वाटेत रुळावर, चाकाखाली फुटून इशारा देणारे, धोक्याचे फटाके बांधायचे, आणि इंजिनानं लांब शिटी देऊन बोलवेपर्यंत तिथून हलायचं नाही. टोकन बाहेर असताना मागून दुसरी गाडी येणं शक्यच नव्हतं. पण नियम असा विचार करत नाही, आणि गार्डसाहेब नियमासारखा विचार करत.

दुसरा नियम, गाडीतच लग्न लावायला आलेल्या नोंदणीवाल्या बाईंकडं होता. "अर्जात वेळ अकरा ते बारा आहे," त्या रजिस्टर छातीशी धरून म्हणाल्या. "बारा वाजून एक मिनिटानं नवा अर्ज आणि पुन्हा तीस दिवस."

गार्डसाहेबांनी मनात हिशेब मांडला. ट्रॉली आपल्यापाशी येणार पावणेबाराला. तिथून गाडीपर्यंत दहा मिनिटं. ड्रायव्हर टोकन बघणार, शिटी देणार, मग आपण बाराशे मीटर परत. सही होईल तेव्हा आपण अजून साधारण आठशे मीटर लांब असू. टाळ्या ऐकू जाणार नाहीत इतक्या अंतरावर.

त्यांनी अंगठ्यांचं कडं खांद्याला अडकवलं, फटाके खिशात टाकले, लाल झेंडी घेतली.

"बाबा, कुठं निघालात?" लेक पायरीवर उभी होती.

"नियम आहे."

"मला ठाऊक आहे हो नियम. झोपताना गोष्टीच्या जागी तोच ऐकलाय." ती हसली नाही. "जा तुम्ही."

हे 'जा' गार्डसाहेबांना मालगाडीपेक्षा जड गेलं. पण ते गेले. रुळांखालचे स्लीपर मोजत गेले, फटाके बांधले, आणखी पुढं जाऊन बाराशे मीटरवर लाल झेंडी धरून उभे राहिले. तिथं ते, एक बाभूळ आणि एक सरडा होता. सरडा थोड्या वेळानं ड्युटी सोडून गेला.

साडेअकराला त्यांनी मागं वळून पाहिलं आणि त्यांना उन्हाचा त्रास होतोय असं वाटलं. रुळांवरून वरात येत होती. पुढं लेक, दोन्ही हातांनी झगा वर धरून. तिच्यामागं बूट हातात घेतलेली आई, मग रजिस्टर डोक्यावर धरलेल्या नोंदणीवाल्या बाई, आणि मग पंचावन्न माणसं, प्रत्येक जण स्लीपरला शिव्या घालत.

"तू इथं कशाला आलीस?" गार्डसाहेब ओरडले.

"तुम्हाला हलता येत नाही ना? मला येतं," लेक म्हणाली. "बस्स. एवढंच आहे ते."

गार्डसाहेबांनी नाक शिंकरलं. लाल झेंडीनंच. पुढची दोन मिनिटं कोणी त्यांच्याकडं पाहिलं नाही, आणि हा त्या वऱ्हाडाचा मोठेपणा.

तेवढ्यात आई म्हणाली, "फटाके मात्र उलट्या बाजूला बांधलेत तुम्ही. ट्रॉली येणार तिकडून, आणि फटाके आपल्या मागं."

"नियमानं काही इकडंही बांधायचे असतात," असं म्हणून त्यांनी उरलेले तीन पुढच्या रुळावर बांधले. "आणि ट्रॉलीच्या वजनानं ते फुटत नाहीत."

हे खरं होतं. पण आत्याचा आहेर म्हणजे पायानं चालवायचं, बिडाचं, अख्खं शिलाई मशीन होतं. पावणेबाराला ट्रॉली आली. ढकलणारे चौघं, फोटोग्राफर, आत्या, मशीन आणि गळ्यात कडं घातलेला नवरामुलगा. एकामागोमाग तीन धडाके झाले. ढकलणाऱ्यांनी रुळांबाहेर उड्या मारल्या. आत्यानं मशीनला मिठी मारली. नवऱ्यामुलानं दोन्ही हात वर केले.

"थांब!" गार्डसाहेबांनी लाल झेंडी दाखवली.

"होय," नवरामुलगा म्हणाला.

मग नोंदणीवाल्या बाईंनी अर्ज वाचला आणि मान हलवली. "जागेच्या रकान्यात 'गाडीत' असं लिहिलंय. गाडी तिकडं बाराशे मीटरवर. इथं मला लग्न लावता येणार नाही."

अकरा एक्कावन्न. सगळ्यांनी गार्डसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी कोटाचं बटण लावलं.

"बाई, या टापूत धावायचा हक्क कुणाला? ज्याच्याकडे टोकन आहे त्याला. टोकन कुठं आहे? ट्रॉलीवर. म्हणजे या घडीला गाडी ही आहे." त्यांनी ट्रॉलीवर थाप मारली. "तिकडं उभे आहेत ते नुसते डबे."

बाईंनी विचार केला. "लेखी द्याल?"

"दोन प्रतींत."

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच लग्नाचं काही दिसलं.

अशा रीतीनं वधू-वर गाडीत चढले, म्हणजे ट्रॉलीच्या बाकावर, शिलाई मशीनच्या दोन बाजूंना. रजिस्टर मशीनवर ठेवलं. गार्डसाहेबांनी जावयाच्या गळ्यातलं कडं घेतलं, गोळ्यावरचा आकडा तपासला आणि खांद्यावरचं कडं त्याला दिलं. अंगठ्या बोटांत गेल्या.

"तुम्हाला हा विवाह मान्य आहे का?" बाईंनी नवऱ्यामुलाला विचारलं. तो तोंड उघडणार तोच त्यांनी बोट वर केलं. "तुम्ही सगळ्यांनाच होय म्हणता असं वाटेत ऐकलं. नीट विचार करून सांगा."

नवरामुलगा खरोखर विचार करू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच करत असल्यामुळं वेळ लागत होता. लेक त्याच्याकडं बघत होती. गार्डसाहेब घड्याळाकडं बघत होते, आणि मग त्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि तेही लेकीकडं बघू लागले.

"मी हे कोणी सांगितलं म्हणून म्हणत नाही," तो शेवटी म्हणाला. हा 'नाही' ऐकून आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण होय."

लेकीनं सही केली. साक्षीदार क्रमांक एकनं उजव्या हातानं सही केली, डाव्या हातात लाल झेंडी तशीच. लेकीच्या अगदी शेजारी, इतकं की झेंडीचं टोक तिच्या खांद्यावर. मग त्यांनी झेंडी काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

"ऐकू आल्या," लेक म्हणाली.

ढकलणाऱ्यांनी वाटेतले फटाके सोडवले, ट्रॉली टोकन घेऊन पुढं गेली, लांब शिटी झाली, वऱ्हाड परत चालत डब्यांत जाऊन बसलं. निघण्याआधी गार्डसाहेबांनी डायरी उघडली. गाडीवरच्या माणसांच्या चुकीनं झालेल्या उशिराचं पान एकतीस वर्षं कोरं होतं. 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं, मुलीचं लग्न. 'जबाबदार कोण' यात लिहिलं, गार्ड. तिसरा रकाना होता, 'घटनेच्या वेळी गार्ड कुठे होता?' तिथं पेन बराच वेळ थांबलं.

"अहो, झेंडी दाखवताय ना?" आईनं डब्यातून हाक मारली. "जेवण गार झालं!"

'तिथंच होता,' त्यांनी लिहिलं. मग परत वाचलं. मग 'तिथंच'खाली रेघ ओढली.

या लिखाणामुळं गाडी आणखी अकरा मिनिटं उशिरा सुटली. त्याची नोंद मात्र कुठंच नाही.