बारीक आवाज

अंजूची जिप्सी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा मी आधी अंजूवरच भडकलो. मिस्त्री लोकांचं हे असंच असतं. गाडी सुधारली तर हात आमचा, नाही सुधारली तर चालवणाऱ्याचा पाय वाईट.

"ब्रेकवर पाय ठेवूनच चालवत असशीन तू," मी म्हटलं. "गाडी काय करंल मंग?"

"काका, शाळेत होती तवापासून हीच गाडी चालवून राहिली मी." चावी तिनं टेबलावर आपटली नाही, नीट ठेवली. ते मला जास्त लागलं. "काल ढिगाऱ्यावरून उतरताना ब्रेक दगडासारखा झाला. दोन्ही पाय लावले तवा थांबली. मांगं चार माणसं बसली होती."

अंजू सावनेरची. तिचा बाप केशव वारला आणि मागे ही गाडी ठेवून गेला. कापडी टपाची, पेट्रोलवर चालणारी, कार्बोरेटरच्या जमान्यातली जिप्सी. खाणीच्या बाजूला जमीन मोजायला माणसं येतात, त्यांना अंजू कच्च्या रस्त्यानं फिरवते. तिथं खाणीतून उपसलेल्या मातीच्या टेकड्या झाल्या आहेत आणि मोजणीवाल्यांना नेमकं त्यांच्यावरच चढायचं असतं. चढणं सोपं आहे. उतरताना ब्रेक लागतो.

केशव माझा गिऱ्हाईक होता. गिऱ्हाईक म्हणणं कमीच आहे. तो रविवारी यायचा. गाडीला काही झालेलं नसलं तरी यायचा, उलट्या ड्रमवर बसायचा आणि दुपारपर्यंत बोलायचा. मग हळूहळू यायचा बंद झाला. का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, यालाही माज आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला.

माझं गॅरेज इतवारीच्या मागच्या गल्लीत आहे. दिवसभर हातगाड्या, टेम्पो, भांड्यांच्या दुकानांतला ठणठणाट. एवढ्या गर्दीत माणूस एकटा कसा पडतो हे ज्याला पाहायचं असेल त्यानं माझ्याकडे येऊन बसावं. कोणी बसत नाही. समोरचा भांडेवाला रामाजी पूर्वी दुकान उघडताना दोन शब्द टाकायचा. आता नुसता हात वर करतो आणि शटर उचलतो. चहावाला नत्थू ग्लास ठेवून निघून जातो. मुलगा रजत पुण्याला नोकरीत. आधी फोन करायचा. एक दिवस म्हणाला, बाबा, तुमच्याशी बोलणं म्हणजे भांडणच होते, आणि तेव्हापासून मोबाईलवर दोन ओळी टाकतो. मी उत्तर देत नाही. बापाशी बोलायला ज्याला तोंड नाही त्याच्यासाठी मी बोटं काहून झिजवू?

बायको, जयवंता, गेली तेव्हापासून घरात तर आवाजच नाही. शेवटी शेवटी ती कमीच बोलायची. मी ते तिच्या आजारावर ढकललं.

तर असा मी. लोकांना शिव्या देत जगणारा. पण एका गोष्टीत माझं नाव होतं. मी गाडी कानानं पाहतो, असं लोक म्हणायचे. खोटं नव्हतं. मोठ्या वर्कशॉपमधले टाय लावलेले लोक मशीनला वायर जोडतात आणि अर्धं इंजिन बदलायला सांगतात. या जुन्या गाड्यांना वायर जोडायला जागाच नाही. बर्डीच्या बाजारातून लाइट आणि स्टिकर आणून चिकटवणारी हौशी पोरं असतात. डोंगर चढायला निघतात आणि खाली चेसिस सडलेली असते. त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की मी इथून सांगायचो, कोणत्या चाकाचं बेअरिंग वाजतं. हे मी कोणाकडून शिकलो नाही. बापाच्या घरात माग होता, गाडी नव्हती.

अंजूची गाडी पहिल्यांदा आली ती आयडलिंगसाठी. उभ्या जागी थरथरायची, मधेच एक ठोका गाळायची. मी प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून धुतला. दुसऱ्यांदा आली ती ब्रेकसाठी. पेडल जड लागायचं. मी लायनर बदलले, ड्रम घासून घेतले, ब्रेकची हवा काढली. दोन रोग, दोन इलाज. दोन्ही वेळा गाडी चार-आठ दिवस बरी वाटली आणि पुन्हा तेच.

आता तिसऱ्यांदा. मी बोनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि डोकं आत घातलं. ठोका मला स्वच्छ ऐकू येत होता. डग डग डग, मग एक गाळलेला, पुन्हा डग डग. पुन्हा कार्बोरेटरच, असं मी ठरवलं आणि पान्याला हात घातला.

खांद्याला कोणीतरी धरलं. अंजू होती.

"कवापासून आवाज देऊन राहिली मी."

"काम करून राहिलो ना. काय आहे?"

"ब्रेक दाबला का फुस्स करते, थे कायचं आहे?"

"कोणतं फुस्स?"

ती आत जाऊन बसली आणि तिनं ब्रेक दाबला. इंजिन खाली आलं, गाडी जास्त थरथरली. ते मला कळलं. तिनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. ऐकलं ना, असं ते पाहणं होतं.

"इंजिन हाय ते," मी म्हटलं.

"इंजिन नाही काका. इथं, पायापाशी. सापावानी."

"मजाक नको करू वं."

"मी कायले मजाक करू? काल माह्याच जीवावर आलं होतं."

मी दार उघडलं, गुडघे टेकले आणि तोंड पेडलपाशी नेलं. म्हटलं दाब. तिनं दाबला. काही नाही. सोड. काही नाही. पुन्हा दाब. मी कान फिरवला, दुसरा लावला. इंजिनचा ठोका, बाहेर टेम्पोचा हॉर्न, भांड्यांचा ठणठणाट. बाकी काही नाही. पोरगी खोटं बोलते असं म्हणायला मी तोंड उघडणार होतो.

तेवढ्यात गालावरचा घाम एका जागी थंड झाला.

तिनं पाय काढला, थंडपणा गेला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. बाहेरची हवा माझ्या गालावरून पेडलच्या मागच्या भोकात ओढली जात होती.

मग मला कोणी सांगायची गरज राहिली नाही. ब्रेकला जोर देणारा एक गोल डबा असतो, बूस्टर. तो इंजिनच्या ओढीवर चालतो. इंजिन एका नळीतून त्यातली हवा ओढतं आणि त्या ओढीनं तुमच्या पायाला मदत होते. आतलं रबर फाटलं की दोन गोष्टी होतात. पायाची मदत जाते, पेडल दगड होतं. आणि फाटक्या जागेतून फुकटची हवा इंजिनात शिरते, मग इंजिन ठोका गाळतं. दोन रोग नव्हतेच. एकच होता.

नळीवर फडकं गुंडाळलं आणि पक्कडीनं दाबून बंद केली. इंजिन लगेच सरळ झालं. डग डग डग डग, एकही गाळला नाही. पक्कड सोडली, पुन्हा लंगडलं. शिकाऊ मिस्त्रीलाही जमेल अशी ही चाचणी आहे. मी ती कधी करत नसे. मला गरज पडत नसे. फुटक्या बूस्टरचा आवाज मला बोनेट उघडायच्या आधी यायचा.

मी इंजिन बंद केलं.

"केवढा आवाज येते?" मी विचारलं.

"केवढा म्हंजे? सायकलच्या ट्यूबातून हवा निघते तेवढा."

"पयल्यांदा आणली तवा होता?"

"तवाबी होता. मले वाटलं तुम्हाले मालूमच असंल." ती खाली उतरली. "तुम्ही तं कानानं गाडी पाहता ना."

मी फडकं उचललं. हात पुसत बसलो. हात स्वच्छ होईपर्यंत पुसले आणि नंतरही पुसत राहिलो.

आम्ही कोष्टी. हातमाग बंद पडला तसा माझा बाप पॉवरलूमवर गेला आणि बहिरा होऊन परत आला. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. गल्लीतली पोरं त्याच्या मागे डबा वाजवायची आणि तो वळायचा नाही. मला बहिरा म्हणजे तेवढंच माहीत होतं. सगळं बंद. मी तर इंजिन ऐकतो, हॉर्न ऐकतो, रामाजीच्या दुकानात परात पडली तर ऐकतो. मला बहिरा कोण म्हणेल? जाड आवाज सगळे शाबूत होते. बारीक तेवढे गेले होते, आणि ते जाताना सांगून गेले नाहीत. आणि माणसाचं बोलणं बहुतेक बारीकच असतं. शिवी जाड असते, हाक जाड असते. बाकी सगळं बारीक.

रामाजी दोन शब्द टाकतच राहिला असेल. मी उत्तर दिलं नसेल. किती वेळा टाकेल माणूस? शेवटी हात वर करायला लागला. जयवंताचा आवाज आजारात पातळ झाला होता. ती कमी बोलायची की मी कमी ऐकायचो, हे आता कोणाला विचारू?

गप्प बसणं अगदी सोपं होतं. भंगारवाल्याकडे धडक बसलेल्या जिप्सीचा चांगला बूस्टर होता. तो आणला, दुपारपर्यंत बसवला. इंजिन चालू केलं. ठोका सरळ. पेडल पायाखाली बरोबर खाली गेलं. अंजूला चावी दिली असती तर ती खुशीनं गेली असती आणि माझं नावही राहिलं असतं.

पण बारीक गळती राहिली तर ती ठोक्यात दिसत नाही, पेडलमध्ये लगेच कळत नाही. कळते ती उतारावर, तापलेल्या गाडीत, मागे चार माणसं असताना. पक्कड लावून, पेडल मोजून, चाचण्या करून मी जवळपास पोचलो असतो. जवळपास. ती खात्री कान द्यायचा.

"अंजू," मी म्हटलं, "इकडं ये. पेडलपाशी डोकं लाव. मी दाबतो, तू ऐक."

"तुम्ही नाही ऐकत?"

"मले आयकू येत नाही."

हे मी पहिल्यांदा बोललो. बोलताना आवाज मोठा झाला असावा, कारण नत्थूनं टपरीवरून वळून पाहिलं.

अंजू माझ्याकडे पाहत राहिली. दया वगैरे काही नव्हतं तिच्या तोंडावर. राग होता.

"कवापासून?"

"मालूम नाही."

"बाबा घरी येऊन म्हणे, जागेश्वर आता भाव खाते. अर्धं बोलणं झालं का तोंड फिरवते. दोनदा काही सांगाले गेले ते तुमच्यापाशी, बिमारीचं. तुम्ही इंजिनात डोकं घालून हो हो केलं. मंग नाही गेले ते."

मी म्हटलं, "काय सांगाले आला होता?"

"आता काय करता आयकून," ती म्हणाली आणि गुडघ्यावर बसली. डोकं पेडलखाली घातलं. "दाबा."

मी दाबला. आत पाय, खाली केशवच्या पोरीचं डोकं, आणि मी काहीच ऐकत नसलेला.

"आहे," ती आतून ओरडली. माझ्यासाठी ओरडली, ते कळलं. "पयल्यासारखा नाही. पण आहे."

मी चावी दिली असती. एवढंच डोक्यात आलं, बाकी काही नाही. मी चावी दिली असती.

बूस्टरच्या मागचं रबर फिरवून बसवलं. पुन्हा ऐक. पुन्हा आहे. नळी काढली. वळणावर, जिथं बोट जात नाही तिथं, बारीक चीर होती. तेवढा तुकडा कापला, नळी आखूड करून नव्या क्लॅम्पनं आवळली. तिनं पुन्हा डोकं घातलं. मी दाबला, सोडला, दाबला. इंजिन गरम होऊ दिलं आणि पुन्हा दाबला.

"गेला."

"पक्का?"

"गेला म्हटलं ना."

"पुन्हा आयक."

ती पुन्हा बसली. बराच वेळ बसली, पदपथावर लोक थांबून पाहायला लागले तरी. मग उठून हात झटकले आणि मान हलवली. मी तिच्या मानेवर विश्वास ठेवला. दुसरं काही करता येत नव्हतं. मग गाडी गल्लीतून बाहेर काढली, रस्त्यावर जोरात नेली आणि ब्रेक लावला. पुन्हा लावला. एका हातगाडीवाल्यानं माझ्या आईचा उद्धार केला, तो मला नीट ऐकू आला. गाडी जिथल्या तिथं उभी राहिली आणि इंजिनचा ठोका हलला नाही.

परत येऊन मी उतरलो. ती बसली. इंजिन चालूच होतं आणि ते इतकं सुरेख चालत होतं की मी क्षणभर तेच ऐकत राहिलो. तिनं गिअर टाकला. मग थांबली, खिडकीतून तोंड बाहेर काढून काहीतरी बोलली. ओठ हलले. माझी मान आपोआप हलायला लागली. हो हो. बरं बरं. कोणी काही बोललं की मी हेच करायचो, इतकी वर्षं.

मी मान थांबवली. खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली. चांगलं चालणारं इंजिन मी आयुष्यात कधी उगाच बंद केलेलं नाही. अंजू दचकली.

"आता बोल," मी म्हटलं. "माह्याकडं पाहून बोल."

"काही नाही काका," ती म्हणाली. "म्हटलं, जेवले का."

मी तिच्या ओठांकडे पाहत होतो. शब्द पूर्ण आला.

"नाही," मी म्हटलं.