बारा हजार फुटांवरची लबाडी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जव्हारच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, परीक्षानळ्यांच्या कपाटाला टेकून बसलेला. माझ्यावर टेबलक्लॉथ टाकून ठेवलेला असतो, त्याचं मला वाईट वाटत नाही. कोणाच्या नजरेला नजर देण्याची माझी फारशी इच्छाच उरलेली नाही. का, तेच आज सांगणार आहे.

१९९९ साली मुंबईतल्या एका लहानशा गाळ्यात सुटे भाग जोडून मला उभं केलं. तीन वर्षं मी ठाण्याच्या एका विमा कचेरीत पत्रं टाइप केली. मग तिथे नवे संगणक आले आणि मला टेम्पोत घालून देणगी म्हणून इकडे पाठवलं गेलं. घाटात इतके हादरे बसले, की पोहोचेपर्यंत माझी एक वायर निसटली होती. हरेश सरांनी ती चिमट्यानं परत बसवली आणि माझा पडदा उजळला. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

हरेश सर विज्ञान शिकवायचे. माणूस लाखातला. एकच खोड होती, मुलांचा पडलेला चेहरा त्यांना बघवत नसे. फळ्यापाशी कोणी अडलं, की तेच खडू घेऊन पुढची ओळ लिहून टाकत आणि म्हणत, "हे बघ, जमलं तुला." मला तेव्हा त्यांचं फार कौतुक वाटायचं.

२००३ साली सरांनी पुतण्याकडून एक सीडी आणली. विमान चालवण्याचा सराव करायची ती सीडी होती. सोबत एक जॉयस्टिकही होती. पडद्यावर एका पंख्याचं छोटं विमान, त्याचे सगळे काटे, दांड्या आणि समोर आभाळ. मुलं रांग लावायची, दोन मिनिटांत विमान आपटायची आणि हसत उठायची. ममता मात्र उठली नाही.

ममता जवळच्या दाभोसा गावची, अकरावी शास्त्राला. सकाळच्या जीपनं यायची, मागच्या फळीला लोंबकळून. तिनं आठवड्याभरात विमान उचलायला आणि सरळ ठेवायला शिकून घेतलं. मग तिला उंच जायचं होतं. आठ हजार फुटांवर इंजिन खोकायला लागलं, पंखा अडखळला आणि विमान खाली येऊ लागलं.

मित्रांनो, यात विमानाची चूक नव्हती. वर हवा विरळ असते. पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी झाली, की इंजिनात ते नीट जळत नाही. अशा वेळी वैमानिकानं लाल दांडी हळूहळू मागे ओढून पेट्रोल कमी करायचं असतं. उतरताना हवा पुन्हा दाट होते, तेव्हा तीच दांडी पुढे सारायची. वर जाणाऱ्याला हे यावंच लागतं.

तीन दिवस ममताचं विमान आठ हजारांवरून परत आलं. तिसऱ्या दिवशी ती डबा न खाताच घरी गेली. ती गेल्यावर सरांनी माझ्यातली माहिती उघडून वाचली. एका पानावर चौकट होती, 'पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप सांभाळा'. सरांनी तिच्यावर बरोबरची खूण केली. "थोडे दिवस," ते स्वतःशीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ममता बारा हजार फुटांवर पोहोचली. लाल दांडी तिनं हलवली नाही. पेट्रोल मी कमी करत होतो, आतल्या आत, तिला कळू न देता. ती खुर्चीतच उडाली आणि सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं.

मग कौतुकाला तोटा राहिला नाही. शिक्षणाधिकारी आले, तेव्हा सरांनी तिलाच माझ्यापुढे बसवलं. मोखाड्याहून दोन शिक्षक मुद्दाम बघायला आले. एवढं झाल्यावर ती खूण काढणार कोण?

एकदा संधी आली होती. वीज अचानक गेली आणि माझी ठरवून ठेवलेली सगळी मांडणी पुसली गेली. वीज आल्यावर ममतानं विमान वर नेलं आणि इंजिन खोकलं.

"सर, इंजिन काहीतरी करतंय," ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "व्होल्टेज कमी असेल. जा, ऑफिसात दिवे नीट लागलेत का बघून ये."

ती बाहेर गेली आणि सरांनी पुन्हा खूण केली. पहिल्या वेळी ते माया करत होते. या वेळी ते लपवत होते. आणि मी? मी मुकाट्यानं ती खूण साठवून घेतली.

बारावीच्या सुट्टीत नाशिककडच्या एका विमान प्रशिक्षण संस्थेची जाहिरात आली. दोन मुलांना मोफत शिकवणार, वय अठराच्या आत. चाचणी त्यांच्याकडच्या सरावयंत्रावर. ममताचे वडील मंगळू शाळेत आले, दारातच चपला काढून उभे राहिले.

"गुरुजी, पोरीचा हात बसला ना इमानावर? मंग मी घेऊन जातो तिला. चार दिस मजुरी बुडंल, बुडू दे."

"बसलाय," सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. खरं सांगून टाकायची ती शेवटची संधी होती.

चौथ्या दिवशी ममता परत आली. ती सरळ माझ्यापुढे येऊन बसली, सर मागे उभे राहिले. चाचणीत नऊ हजार फुटांवर इंजिन खोकलं, तिनं ताकद वाढवली, ते आणखी खोकलं आणि बंद पडलं, असं तिनं सांगितलं.

"परीक्षक म्हणाले, लाल दांडी कधी वापरली नाहीस का? मी म्हटलं, आमच्याकडे इंजिन खोकत नाही. सगळे हसले, सर. त्यांना वाटलं, मी सराव केल्याची थाप मारते."

बोलता बोलता ती माझं एकेक पान उघडत होती. ती चौकट आली. तिचा हात थांबला.

"हे तुम्ही केलं?"

"हो."

"कशाला, सर?"

"तू डबा न खाता गेलीस ना, म्हणून."

"एक दिवस उपाशी राहिले असते मी," ती म्हणाली.

तिनं खूण काढली आणि विमान वर नेलं. चार वेळा इंजिन बंद पडलं. सरांचा हात पुढे आला, पण त्यांनी तो मागे घेतला. पाचव्या वेळी तिनं लाल दांडी हळूहळू मागे ओढली आणि पंखा एका लयीत फिरू लागला. जी गोष्ट तिला एका दुपारी जमली, ती आम्ही दोघांनी मिळून वर्षभर तिच्यापासून दूर ठेवली होती.

"पुढच्या वर्षी पुन्हा..." सर म्हणाले.

"पुढच्या वर्षी मला एकोणीस लागेल," ममता म्हणाली आणि पिशवी उचलून जीप गाठायला निघून गेली.

मित्रांनो, तुमच्या आवडत्या माणसाचं कुठे अडलं, तर जवळ बसा, पण त्याचं काम गुपचूप करून टाकू नका. आणि कोणी तुमच्यासाठी असं करत असेल, तर त्याला विचारा. मला तोंड नाही, त्यामुळे ममताची माफी मागता आली नाही, असं मी स्वतःला समजावत असतो. पण तेही खरं नाही. तिला सावध करायला माझ्याकडे एक आवाज होता, त्या खोकणाऱ्या इंजिनाचा. तो मी वर्षभर दाबून ठेवला.