इंदोऱ्यातला थाई रस्सा

मी पाटा बोलतोय. नागपुरात, इंदोऱ्यातल्या प्रयागबाईंच्या खानावळीत राहतो. काटोलकडच्या एका पाथरवटानं मला काळ्या दगडातून घडवलं, छिन्नीनं अंगभर खाचा पाडून टाकी लावली आणि वरवंट्यासोबत बाजारात मांडलं. तिथून प्रयागबाईंनी मला सायकलरिक्षात घालून आणलं.

वीस वर्षं मी त्यांचा मसाला वाटला. मग ब्याऐंशी साली मिक्सर आला आणि माझी रवानगी मागच्या अंगणात झाली. माझ्यावर कपडे आपटले जाऊ लागले. मिरचीचा वास गेला, साबणाचा लागला. वाईट वाटायचं, पण दगडानं रुसून जायचं तरी कुठे?

पंच्याऐंशी साली बाईंचा धाकटा भाऊ चंद्रभान परत आला. आठ वर्षांपूर्वी तो चीवर घालून भिक्खूंसोबत बँकॉकला गेला होता. पुढे त्यानं चीवर उतरवून भिक्खूपण सोडलं आणि विहाराजवळच्या एका म्हातारीच्या खानावळीत रांधायला लागला. हे त्यानं घरी पत्रानंही कळवलं नव्हतं; बाईंना ते तो परतल्यावरच कळलं. त्यामुळे बाई त्याच्याशी कामापुरतंच बोलत.

एका सकाळी तो म्हणाला, "ताई, आपल्या खानावळीत थायलंडचा रस्सा करून पाहू दे मले. स्वस्तात होते."

"एक रविवार देते तुले," बाई म्हणाल्या. "नाही खपला त सोमवारपासून झुणका-भाकर, अन् तू दुसरं काम पाह्य."

रविवारी दुपारी त्यानं मिक्सरमध्ये गवती चहा घातला. पातीचे दोरे पात्यांत गुंडाळले गेले, मिक्सर गुरगुरला आणि बंद पडला. चंद्रभान तसाच मागच्या अंगणात आला. त्यानं मला तीन पाण्यांनी घासलं, उचलून थेट चुलीपाशी नेलं. मला तर हे खरंच वाटेना.

भिजवलेल्या लाल मिरच्या आल्या. लसूण, आलं, भाजलेली सुकट, ईडलिंबाची पानं आली. आणि कोथिंबिरीच्या मुळ्यासुद्धा.

"मुळ्या काहून वाटून राहिला गा?" बाईंनी विचारलं. "आम्ही त फेकून देतो."

"तिथं याच्याशिवाय रस्सा होतच नाही, ताई."

वरवंटा फिरू लागला. असा वास माझ्या अंगावरून कधी उठला नव्हता. बाई जाता-येता थांबून वास घेत होत्या.

संध्याकाळी दारावर पाटी लागली: 'थायलंडचं जेवण, चार रुपयांत पोटभर.' गल्ली गोळा झाली. सगळे उभे राहून वाचत होते, आत मात्र कुणी येईना. चंद्रभान ओठ चावत उभा होता. शेवटी देवाजी आले. गिरणीतून निवृत्त झालेले, नेहमीचे गिऱ्हाईक आणि जेवणाला नावं ठेवण्यात पटाईत. पाटी न वाचताच ते आपल्या जागी बसले.

बाईंनी चिन्नोर तांदळाचा भात वाढला, त्यावर नारळाच्या दुधातला लालसर रस्सा. देवाजींनी एक घास घेतला. दुसरा घेतला. कपाळाला घाम सुटला. दारातली माणसं आत वाकून पाहू लागली.

"मिरची भिवापुरी हाये काय गा?"

"हाव, काका."

"अन् हा वास? गवती चहाचा?"

"हाव."

"मंग हे बाहेरदेशचं कसं झालं? सगळं त आपल्याच घरचं हाये." त्यांनी ताट पुढे केलं. "भात टाक अजून." मग दाराकडे वळून म्हणाले, "उभे काहून हाय? बसा ना."

मग जी झुंबड उडाली! बाकं भरली, पायऱ्या भरल्या, पोरं सतरंजीवर मांडी घालून बसली. तासाभरात मसाला संपला. चंद्रभान घाईघाईनं पुन्हा वाटायला बसला, तोच बाईंनी पदर खोचला.

"सरक. तुझ्या हातानं सकाळ होईन."

त्यांनी वरवंटा घेतला. तीन वर्षांनी तेच हात! मिरच्या, मुळ्या, गवती चहा, भराभर सगळं एकजीव झालं. वाटता वाटता मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुई ते बँकॉकची म्हातारी... चांगलं वागवे काय रे तुले?"

चंद्रभाननं शेजारी बसून सांगायला सुरुवात केली. आठ वर्षांचं सगळं सांगत राहिला. बाई ऐकत होत्या, मी ऐकत होतो.

आता दर रविवारी थाई रस्सा असतो. माझा मधला भाग झिजून गुळगुळीत झालाय, मिरच्या घसरतात. गल्लीतून टाकी लावणारा जाताना दिसला, तर त्याला जरा इकडे धाडा. आणि तुम्हीही या, जरा लवकरच. देवाजी दुसऱ्यांदा भात मागायच्या आत.