टोकावरून मोजलेली काडतुसं

व्हर्लिन स्टॉकीच्या गॅरेजची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती, त्याच्या मेहुण्याकडे, ऑर्व्हलकडे. त्यामुळे काडतुसांची लांबी बिघडू लागली तेव्हा संशय कुणावर घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता.

तीस वर्षं दर गुरुवारी दोघं त्या गॅरेजात वापरलेल्या पितळी नळ्यांत दारू भरून वर नवी गोळी बसवत, आणि अमेरिकेतल्या मोंटानात हंगाम उघडला की एकत्र एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जात. यंदा हंगाम नऊ दिवसांवर आला होता. व्हर्लिनने भरून ठेवलेल्या तीस काडतुसांना लांबी मोजायचा कॅलिपर लावला, तर एक काडतूस चार थाउ जास्त, दुसरं तीन कमी. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पण जन्मभर लेथवर काम केलेल्या माणसाची तेवढ्यानेही झोप उडते.

‘गेल्या वर्षी एल्क मला मिळाला, हा हात हलवत परतला. तेच खुपतंय त्याला,’ व्हर्लिनच्या मनाने घेतलं. गोळी किती खोल बसावी हे ठरवणाऱ्या स्क्रूवर त्याने पेन्सिलीची बारीक खूण केली. दुसऱ्या दिवशी खूण जागच्या जागी होती. एखाद्याला हायसं वाटलं असतं. याला वाटलं, लबाडाने पुसून पुन्हा काढली. लांबी जुळवायला मग त्याने स्वतःच स्क्रू पिळला आणि आणखी वीस काडतुसं भरली. तीही जुळेनात.

गुरुवारी ऑर्व्हल आला, तो बहिणीने, म्हणजे व्हर्लिनच्या बायकोने, दिलेला ॲपल-पाय खातच.

“माझ्या मागे इथं येऊन स्क्रू फिरवतोस ना?” व्हर्लिनने विचारलं.

“डोकं ठिकाणावर आहे ना, भावजी?”

“किल्ली तुझ्याकडेच आहे.”

ऑर्व्हलने उरलेला ॲपल-पाय कागदात गुंडाळला. “मोजतोस कुठून?”

“बुडापासून टोकापर्यंत. आणखी कुठून मोजतात?”

“टोक शिशाचं आहे, बाबा. मऊ. खोक्यात आपटून कुठलं चपटं होतं, कुठलं तसंच राहतं. टर्नर ना तू?” त्याने खिशातून भोक पाडलेला पोलादी तुकडा काढला. “हा गोळीच्या खांद्यावर बसतो, टोकाच्या खाली ती रुंद होते तिथे. तिथून मोज. तुझ्यासाठीच करून आणला होता.” तुकड्याशेजारी त्याने किल्लीही ठेवली आणि निघून गेला.

व्हर्लिनने तुकडा लावून मोजायला घेतलं. पहिली तीस काडतुसं एकसारखी निघाली, अर्ध्या थाउचाही फरक नाही. शेवटची वीस मात्र सारखीच आखूड होती, म्हणजे जी त्याने स्वतः स्क्रू पिळून भरली होती तीच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

किल्ली घेऊन तो तडक ऑर्व्हलच्या दारात गेला. “चुकलं माझं,” तो म्हणाला. “ही ठेव.”

ऑर्व्हलने किल्लीकडे पाहिलं, हात मात्र पुढे केला नाही.

“शिकारीला येईन. गुरुवारीही येईन,” तो म्हणाला. “पण आता दार वाजवीन. तू उघडायचंस.”